अब्ला इन्साफ आणि गुरुवारची बैठक

कित्येक वर्षं आमच्यासाठी अब्ला इन्साफ म्हणजे एक कपाळ आणि एक पंखा. त्या फोन चर्चच्या ऑफिसातल्या टेबलावर ठेवून साखरेच्या डब्याला टेकवायच्या. तो हळूहळू मागे कलत जायचा आणि मग पडद्याच्या खालच्या काठाशी त्यांचं रुंद, सुरकुतलेलं कपाळ आणि करडे केस तेवढे उरायचे. वर सगळं छत.

"अब्ला, फोन सरळ करा," असं मी दर गुरुवारी म्हणायची.

"सरळच आहे गं. तुझी मान वाकडी असेल," असं त्या दर गुरुवारी म्हणायच्या.

आम्ही चौघं होतो आणि चौघंही चर्चच्या नोकरीतले. मी मरसेल, मल्लवीच्या चर्चचं ऑफिस बघते. थोरल्याचं नाव बिशोय, म्हणून पुरुषमंडळी मला उम्म बिशोय म्हणतात. अम्म सिदहम, अम्म म्हणजे काका, समालूतकडच्या एका गावात चर्चच्या भट्टीवर पवित्र भाकर भाजायचे. गाद दैर मवासजवळ उपासनेची गीतं गायचा. तो जन्मापासून आंधळा, माझ्याहून बराच लहान, पण गाण्यातला गुरू म्हणून सगळे त्याला मुअल्लिम म्हणत. आणि बनी मझारच्या अब्ला इन्साफ. त्या काही शाळेत शिकवत नव्हत्या. चर्चच्या ऑफिसात बसायच्या आणि मागच्या खोलीतली बालवाडी चालवायच्या. पण त्या वस्तीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याचकडे मुळाक्षरं गिरवलेली, तेव्हा बाई म्हणावं तसं सगळे त्यांना अब्ला म्हणत, त्यांच्याहून म्हातारे लोकसुद्धा.

त्यांचा जन्मच चर्चच्या फाटकाशेजारच्या खोलीतला. वडील तिथले राखणदार. ते गेले तेव्हा अब्ला अजून लग्नाच्या वयाच्याही झाल्या नव्हत्या. मातीहून परत आल्यावर तेव्हाच्या धर्मगुरूंनी, म्हणजे अबूनांनी, फाटकाची किल्ली त्यांच्या आईच्या हातात ठेवली. आईने ती अब्लांच्या हातात दिली. पुढे अबूना बदलत गेले, चर्चची रंगरंगोटी झाली, जुनी घंटा उतरवून नवी चढली, पण किल्ली हलली नाही.

चर्चच्या ऑफिसात जी बसते तिचं काम कागदावर एक आणि खरं दुसरंच, हे मला वेगळं सांगायला नको. लोक येतात बाप्तिस्म्याची तारीख विचारायला आणि बसतात सुनेबद्दल बोलत. अबूनांपर्यंत जायची लाज वाटते, मग वाटेत ऑफिस लागतंच. अब्लांकडे तर रांग असायची. घरच्या भांडणाचा, आजारपणाचा, परदेशी गेलेल्या आणि फोन न करणाऱ्या मुलांचा सगळा ढीग त्यांच्या टेबलावर येऊन पडायचा. त्या चहा ठेवायच्या आणि ऐकायच्या. संध्याकाळी घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या आईला कुशीवर वळवायच्या. लग्न त्यांनी केलं नाही. का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

आमची चौघांची ओळख मिनियाला झाली. चर्चच्या नोकरवर्गासाठी वर्षातून एकदा तिथे मेळावा भरायचा. पुढच्या खुर्च्यांवर अबूना लोक, व्यासपीठावर कुणी पाहुणे, विषय बहुतेक वेळा सहनशीलता. मागच्या रांगेत आम्ही. त्या वर्षी व्याख्यान ऐन रंगात असताना अम्म सिदहम घोरायला लागले. अब्लांनी पिशवीतून लिंबू काढून त्यांच्या नाकाखाली धरलं. ते दचकून जागे झाले आणि मोठ्याने "आमेन" म्हणाले, तेही भलत्याच ठिकाणी. त्यानंतर जेवणाला आम्ही एकाच टेबलावर बसलो आणि फोन नंबर घेतले. वर्षभर सणाला एकमेकांना शुभेच्छा पाठवायच्या, तेवढंच.

मग साथ आली आणि चर्चं बंद झाली. ईस्टरसुद्धा दारं लावूनच गेला. मी रिकाम्या ऑफिसात बसून तीच ती कपाटं आवरत होते. गादला गीतं नव्हती, होती ती फक्त मयताची. आणि अम्म सिदहमच्या भट्टीत राख गार पडली होती. मिसरूड फुटल्यापासून ते पहाटे उठून, स्तोत्रं म्हणत पीठ मळायचे. आता पहाटे जाग तर यायची, पण मळायला काही नव्हतं. एकदा त्यांनी घरातलंच पीठ मळायला घेतलं. मळत राहिले, मळतच राहिले. शेवटी बायकोने परात ओढून घेतली आणि म्हणाली, "डोकं फिरलंय का तुमचं?" त्यांनी अब्लांना फोन केला. मला हे पुढे अब्लांनीच सांगितलं. फोनवर ते फक्त एवढंच म्हणाले, "अब्ला, ह्या हातांचं काय करू?"

दुसऱ्या दिवशी अब्लांनी आम्हा सगळ्यांना फोन लावले. "गुरुवारी दुपारी चहाच्या वेळेला सगळ्यांनी बसायचं. नुसता आवाज नको, व्हिडिओ."

गाद हसला. "माझ्यासाठी कशाला व्हिडिओ, अब्ला?"

"तुझ्यासाठी कोण म्हणालं? आम्हाला तू दिसायला हवास. आवाजावर माणूस काहीही दडवतं, तोंडावर नाही जमत. गुरुवारी दाढी करून बस."

असं म्हणणाऱ्या बाईंचं स्वतःचं तोंड पडद्यावर आम्हाला कधी दिसलंच नाही, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

नियम त्यांनीच घातले. इथलं बोलणं इथेच राहणार. प्रत्येकाने आपलं बोलायचं, मध्ये कुणी उपदेश करायचा नाही, बायबलातलं वचन तर मुळीच तोंडावर फेकायचं नाही. "ते सांगायला आपापले अबूना आहेत." आणि बैठकीत फक्त चर्चच्या नोकरीतलंच माणूस बसेल. गादच्या ओळखीची एक बाई यायचं म्हणत होती. तिचा नवरा चर्चच्या कमिटीवर होता. अब्लांनी तिला गोडीत परत पाठवलं. आम्हाला म्हणाल्या, "जो पगार देतो आणि जो घेतो ते एका ताटात जेवले तर दोघंही उपाशी उठतात."

आणखी एक नियम होता, तो भेंडीचा. बोलता बोलता कुणाकडे अबूना आत आले तर त्याने फक्त एवढंच म्हणायचं, "यंदा भेंडीला कीड लागलीय." मग सगळ्यांनी भेंडीवर बोलायचं. एकदा अम्म सिदहम आपल्या अबूनांबद्दलच काहीतरी रंगवून सांगत होते, इतक्यात मागचं दार वाजलं.

"...आणि म्हणून यंदा भेंडीला फार कीड," अम्म सिदहम श्वास न घेता म्हणाले.

"तुमच्याकडे पण?" मागून आवाज आला. अबूना खुर्ची ओढून बसलेच. त्यांनी चर्चच्या मागे स्वतः भेंडी लावली होती. मग कीड, फवारणी, राख, सगळं झालं. ते उठले तेव्हा चहाची वेळ केव्हाच टळून गेली होती. जाताना म्हणाले, "तुम्हा लोकांना शेतीची एवढी आवड आहे हे माहीतच नव्हतं." ते गेल्यावर अब्लांचं कपाळ सुद्धा पडद्यावरून नाहीसं झालं. हसता हसता त्यांचा फोन पडला होता.

असे ते दिवस. बाहेर काय चाललं होतं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो, पण गुरुवार आठवला की आधी हसूच येतं. रिकाम्या चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसायची. खिडकीच्या रंगीत काचांतून उतरतं ऊन फरशीवर पसरलेलं असायचं, मांडीवर चहाचा पेला, समोर तीन चौकटी. एकीत पंखा फिरतोय, एकीत अम्म सिदहमच्या भुवया, कारण त्यांना फोन जवळ धरल्याशिवाय चैन नाही, आणि एकीत गादच्या घराची भिंत. गाद स्वतः त्या चौकटीच्या बाहेर कुठेतरी.

त्याच उन्हाळ्यात गादचं ते झालं. त्यांच्या पंचक्रोशीत मयतांमागून मयत होत होते. अंत्यविधीला घरचे चारजण आणि गाद. एका गुरुवारी त्याची पाळी आली.

"काल मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही," तो म्हणाला. "म्हातारी होती, मला लहानपणी खजूर द्यायची. अबूना वाट बघत थांबले. मग त्यांनी एकट्यानेच उरकलं. आज सकाळी घरी गाऊन बघितलं. नाही येत. मला दुसरं काही येत नाही, अब्ला. अबूनांना कळलं तर ते दुसरा आणतील."

मी काहीतरी बोलणार होते, देवावर विश्वास ठेव वगैरे, पण नियम आठवला. अम्म सिदहम नुसते खाकरले.

अब्ला म्हणाल्या, "बरं. म्हणजे आता तुला वेळच वेळ आहे. सिदहमला एक गीत शिकव."

"मला?" अम्म सिदहम ओरडले. "मी भट्टीपाशी स्तोत्र म्हणतो तेव्हा पीठ फुगायचं थांबतं!"

"म्हणूनच शिकायचं. गाद, सांग त्याला पहिली ओळ."

गादने ती ओळ नुसती बोलून दाखवली. अम्म सिदहमनी ती गायली. तो आवाज कसा सांगू! रहाटाला तेल नसावं तसा. माझ्या बाकाखालची मांजर उठून गेली. गाद म्हणाला, "वरती कुठे चाललात, खाली या." अम्म सिदहम आणखी वर गेले. असं दोन-तीन गुरुवार चाललं. गाद आधी सोसत होता, मग वैतागला, आणि एका गुरुवारी त्याला इतका राग आला की त्याने "असं!" म्हणून ती ओळ स्वतःच गाऊन दाखवली. अख्खी, शेवटच्या लांब आलापासकट.

मग अब्लांचा आवाज आला, अगदी सहज. "पुन्हा एकदा. सिदहमला कळलं नाही."

"छे, कुठलं कळतंय," अम्म सिदहम म्हणाले. त्यांच्या भुवयांखालून पाणी वाहत होतं.

गादने पुन्हा गायलं. महिनाभरात तो परत कामाला लागला.

चर्चं उघडली, भट्टी पेटली, तरी गुरुवार काही आम्ही सोडला नाही. उलट कामं वाढली तशी गरज जास्तच भासू लागली. अबूनांवर मंडळी रागावली की बोलणी आम्हाला, मंडळींवर अबूना रागावले की तीही आम्हाला. आपल्यासारखंच दुसरीकडे कुणीतरी ऐकून घेतंय, हे कळलं तरी पाठ जरा सरळ व्हायची. प्रत्येकजण आपलं बोलायचा. अब्लांची पाळी आली की त्या म्हणायच्या, "माझं काय, नेहमीचंच," आणि पुढच्याला बोलतं करायच्या. त्यांची आई गेली तेही आम्हाला चाळीसाव्या दिवसाची प्रार्थना होऊन गेल्यावर कळलं.

मग एका उन्हाळ्यात बनी मझारला नवे अबूना आले, अबूना बेनयामीन. तरुण, उत्साही. अब्लांनीच सांगितलं, "पोरगा चांगला आहे. पायऱ्या दोन दोन चढतो." त्यानंतर त्यांनी आपल्या चर्चबद्दल बोलणं जवळजवळ सोडलंच. आम्हाला काही जाणवलं नाही. कपाळ होतं, पंखा होता.

जाणवलं ते गादला. अम्म सिदहम काहीतरी सांगत होते, त्यांना त्याने मध्येच थांबवलं.

"अब्ला, एक विचारू? तुमच्याकडचं लोखंडी फाटक गेले कित्येक गुरुवार वाजलेलं नाही. पोरांचा गलका नाही. आणि मागे कोंबड्या आहेत. चर्चमध्ये कोंबड्या कधीपासून आल्या?"

पंखा फिरत राहिला. मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. तो पंखाही वेगळाच होता.

"यंदा..." अब्ला म्हणाल्या, "यंदा भेंडीला कीड..."

"भेंडी राहू दे, अब्ला," अम्म सिदहम म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. अबूना बेनयामीननी ऑफिसात कॉम्प्युटर आणला, तो चालवायला पदवीधर मुलगी आणली. बालवाडीची खोली पाडून हॉल बांधायचा ठरला. अब्लांचा मोठा निरोप समारंभ झाला. बिशप आले, भाषणं झाली, काचेची ढाल दिली, त्यावर सोनेरी अक्षरात नाव. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती ढाल मांडीवर घेऊन त्या टुकटुक रिक्षेतून घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सवयीने उठल्या, कपडे केले, पर्स घेतली, कोपऱ्यापर्यंत गेल्या, तिथे आठवलं. लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून फूलच्या, म्हणजे शिजवलेल्या वालांच्या, गाडीपाशी उभ्या राहिल्या आणि नको असताना ते वाफाळते वाल घेऊन परतल्या. तेव्हापासून त्या उपासनेला गावातल्या दुसऱ्याच चर्चमध्ये जात होत्या.

"ज्या फाटकाची किल्ली माझ्याकडे होती त्यातून आता पाहुणी म्हणून कशी जाऊ?"

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. मला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"नियम माझाच ना. चर्चच्या नोकरीतलंच माणूस बसेल. मी आता कोण? माझा बसायचा हक्क गेला. कमिटीवाल्याच्या बायकोला मी दारातून परत पाठवलं आणि आता स्वतः..." त्या थांबल्या. "पण गुरुवार सोडवेना गं."

अम्म सिदहमनी फोन इतका जवळ आणला की नुसता एक डोळा दिसू लागला. "तो नियम मी आत्ता भट्टीत घातला. जळून खाक झाला. उम्म बिशोय, गाडी किती वाजता असते ते बघ."

नैरूझ नुकताच झाला होता. आमच्या नव्या वर्षाचा तो सण, बाजारात लाल खजुरांचे ढीग लागलेले. मी आणि गाद मल्लवीहून निघालो, त्याचा हात माझ्या खांद्यावर. समालूतला अम्म सिदहम चढले, मानेला मफलर, काखेत फडक्यात बांधलेल्या गरम भाकऱ्या. मेळाव्यानंतर आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना असे धडधाकट, हातापायांसकट बघत होतो. अम्म सिदहम मला म्हणाले, "फोनमध्ये तू बारीक दिसतेस." मी म्हटलं, "फोनमध्ये तुम्ही नुसत्या भुवया दिसता, तेच बरं होतं."

दार अब्लांनी उघडलं. मिनियाच्या त्या एका जेवणाला इतकी वर्षं लोटली होती की आम्ही मनात त्यांना हळूहळू केवढ्या तरी मोठ्या करून ठेवल्या होत्या. समोर बघतो तो जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी बाई.

"एवढं मोठं कपाळ आणि बाई एवढीशी!" अम्म सिदहम म्हणाले.

"आणि एवढी मोठी जीभ आणि अक्कल एवढीशी," अब्ला म्हणाल्या, आणि मग त्यांनी आमच्यातल्या प्रत्येकाचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला. गादने विचारलं, "मी बघू?" त्याने त्यांच्या कपाळावरून, गालांवरून बोटं फिरवली. "रडताय," तो म्हणाला. "कांदा कापत होते," त्या म्हणाल्या.

बदक, मुलुखियाची पालेभाजी, भरलेली वांगी, काय काय केलं होतं! अम्म सिदहम लोणच्याच्या बरणीपाशी गेले आणि ओरडले, "हे काय?" बरणीतले सलगम वर येऊ नयेत म्हणून झाकणावर वजन ठेवलं होतं, ती काचेची ढाल. "जड आहे," अब्ला म्हणाल्या. "दुसऱ्या कशाला नाही, ह्याला उपयोगी पडली."

जेवणानंतर चहा झाला. कुणी विचारलं नाही, तरी त्या बोलायला लागल्या. वडिलांबद्दल, आईच्या अंथरुणातल्या वर्षांबद्दल, आसिउतहून आलेल्या एका स्थळाबद्दल. तो माणूस त्यांना आवडला होता, पण आई गाव सोडायला तयार नव्हती. "मी दिवसभर जगाचं ऐकायची आणि घरी यायची तेव्हा माझ्या तोंडाला शब्दच उरलेले नसायचे. मला कुणी विचारलं नाही हे खरं. पण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असंही नाही." उन्हं कलेपर्यंत त्या बोलत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. अम्म सिदहम सुद्धा जागे होते.

मग गाद म्हणाला, "मला तुमचं चर्च ऐकायचंय."

त्या नाही म्हणाल्या. तो तसाच बसून राहिला. शेवटी त्यांनी शाल घेतली.

फाटक वाजलं तसा गाद हसला, जुनं माणूस भेटावं तसा. ऑफिसात एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. अब्लांना बघून ती ताडकन उभी राहिली. तिचं नाव युस्तीना. अब्ला कोरड्या आवाजात म्हणाल्या, "बस, बस. आम्ही नुसतं बघायला आलो." टेबल हलवलेलं होतं, शेगडी गायब होती. अब्लांची नजर सगळीकडे फिरली आणि त्या परत निघाल्या.

"अब्ला," ती मुलगी मागून म्हणाली, "एक विचारू? त्या बायका येतात ना, तास तास बसतात, रडतात. त्यांचं मी काय करू? कॉम्प्युटरमध्ये कुठे भरू?"

अब्ला वळल्या. त्या पोरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती पुढे म्हणाली, "काल एक काका माझ्यावर ओरडून गेले, अबूना भेटले नाहीत म्हणून. आधी अब्ला होत्या तेव्हा असं नव्हतं, असं रोज कुणीतरी ऐकवतं. मी घरी जाऊन जेवतसुद्धा नाही."

मी अब्लांकडे बघत होते. महिनोन्‌महिने ज्या मुलीचा त्यांनी मनातून राग धरला असेल, तीच समोर उभी होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"त्यांचं काही करायचं नसतं गं. ऐकायचं आणि चहा द्यायचा. शेगडी कुठे ठेवलीस?"

"अबूना म्हणाले धूर होतो."

"अबूनांना मी सांगते. आणि तुझं कोण ऐकतं?"

मुलगी ओंजळीत चेहरा लपवून रडायला लागली. अम्म सिदहमनी घाईघाईने फडकं सोडून एक भाकर तिच्यापुढे धरली. त्यांना दुसरं काही सुचत नाही.

अबूना बेनयामीन पायऱ्या उतरून आले ते दारातच थांबले. गोरेमोरे झाले. "अब्ला, तुम्ही येतच नाही. मला वाटलं दमला असाल, जरा विश्रांती... मी चुकलो का?" त्यांनी परत यायला सांगितलं, अगदी मनापासून. अब्ला म्हणाल्या, "नको अबूना. ही पोरगी बरी आहे, हिला राहू द्या. फक्त दुपारी थोडा वेळ हिला मोकळं सोडत जा. आणि त्या वेळी हिच्या खोलीत येऊ नका, दार वाजवल्याशिवाय."

"का?"

"बायकांचं बोलणं असतं," अब्ला म्हणाल्या. "भेंडीबिंडीचं."

त्या रविवारी त्या आपल्या चर्चमध्ये उपासनेला गेल्या, बायकांच्या बाजूला, मधल्या बाकावर. मला फोनवर म्हणाल्या, "पहिल्यांदाच पूर्ण ऐकली गं. एरवी निम्मा वेळ मेणबत्त्यांत आणि चपलांत जायचा."

पुढे त्यांनी युस्तीनासाठी दुसरी बैठक सुरू केली. मगागा, मताई, फशन, जिथे जिथे ऑफिसांत अशा नव्या मुली एकट्या बसल्या होत्या त्यांना शोधून शोधून जोडलं. मग चर्चच्या ड्रायव्हर लोकांची एक झाली, ती सांभाळायला गादला बसवलं. अब्ला घरातच, कोंबड्यांच्या मध्ये. त्यांचे गुडघे धरत गेले तसं बाहेर जाणं कमी झालं आणि फोन वाढले. अम्म सिदहमनी भट्टी सोडली तेव्हा ते नोकरीच्या नियमाचं काही बोलले नाहीत, नेहमीच्या वेळी येऊन बसले.

गेल्या हिवाळ्यात भाच्याने अब्लांना अलेक्झांड्रियाला नेलं. तिथल्या घराला लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. कोंबड्या शेजारणीला दिल्या. आता त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आमच्या बैठकीत त्या थोडाच वेळ थांबतात. भाच्याची बायको फोन नीट लावून देते, सगळा चेहरा दिसतो, मागे पडदा, पडद्यावर समुद्राचा उजेड. आम्ही ओरडून बोलतो, त्या भलतंच उत्तर देतात, गाद हसतो.

आता गुरुवारी आम्ही सातआठ जण असतो. नवी मंडळी चांगली आहेत, वेळेवर येतात, कुणाचा फोन कलत नाही. परवा दैर मवासच्या, पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीने मला विचारलं, "ही बैठक वरून ठरवली होती का, बिशपांच्या ऑफिसातून?" मी म्हटलं, नाही, बनी मझारच्या एका बाईंनी ठरवली. ती म्हणाली, "त्या कोण होत्या?" मी म्हटलं, आहेत अजून, आणि सांगायला बसले. बाहेर वाळूचा वारा सुटला होता, चर्चची एक खिडकी आपटत होती, पण ती लावायला मी उठले नाही.